निसर्गाचा कायदा कुणाच्या तोंडी आहे ते आधी बघा

इ.स. ६१ साली रोममध्ये पेडानियस सेकुंडस नावाच्या माणसाचा त्याच्याच घरात खून झाला. साधासुधा माणूस नव्हता, शहराचा प्रीफेक्ट होता, म्हणजे राजधानीचा बंदोबस्त ज्याच्या हातात तो अधिकारी. मारणारा त्याचाच एक गुलाम. रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो की एकतर सुटकेची किंमत ठरवून मालकाने शब्द फिरवला होता, नाहीतर प्रेमप्रकरणातलं वैर होतं. कारण काही असो, रोमचा जुना रिवाज असा होता की घरातल्या गुलामाने मालकाला मारलं तर त्या छपराखाली राहणाऱ्या सगळ्या गुलामांना ठार करायचं. कुणी केलं, कुणाला माहीत होतं, कोण झोपलेलं होतं, काही बघायचं नाही. आणि हा नुसता रिवाज राहिला नव्हता, ऑगस्टसच्या काळात इ.स. १० मध्ये सिनेटने ठराव करून त्याला पक्कं रूप दिलेलं होतं. पेडानियसच्या घरात गुलाम होते ४००.

रोमच्या साध्या लोकांना हे सहन झालं नाही. सिनेटबाहेर गर्दी जमली, आतमध्येही काही जण कुरकुरत होते की हे जरा जास्तच होतंय. तेव्हा गायस कॅसियस लाँगिनस उभा राहिला, त्या पिढीतला मोठा कायदेपंडित. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की कायदा पूर्वजांनी केलाय आणि विचार करूनच केलाय, तो सैल केला तर उद्या कुठल्या मालकाचा जीव सुरक्षित राहणार, आपल्या घरांमध्ये आता परक्या देशांचे आणि परक्या देवांचे गुलाम भरलेत, त्यांना धाकाशिवाय आवरता येत नाही, निरपराध माणसं मरतील हे खरंय पण जरब बसवणाऱ्या प्रत्येक मोठ्या शिक्षेत थोडा अन्याय असतोच आणि एकेकट्याचं नुकसान सगळ्यांच्या भल्यातून भरून निघतं. त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला एकही सिनेटर उठला नाही. नुसते आवाज आले, आकडा बघा, वयं बघा, बायका आहेत, बहुतेकांचा काही गुन्हा नाही हे तर उघड आहे. ठराव मंजूर झाला. लोक दगड आणि मशाली घेऊन आडवे आले तर सम्राट नीरोने त्यांना जाहीर दम भरला, वधाच्या जागेकडे जाणाऱ्या सगळ्या रस्त्यावर सैनिक उभे केले, आणि ४०० माणसं मारली गेली.

यातलं काहीही बेकायदेशीर नव्हतं. आणि मला जास्त टोचतं ते हे की याच्या पाचेक वर्षं आधी तत्त्वज्ञ सेनेकाने याच नीरोला उद्देशून दयेवर एक पुस्तक लिहिलं होतं, त्यात स्पष्ट लिहिलंय की गुलामाच्या बाबतीत मालकाला कायद्याने सगळं करता येत असलं तरी काही गोष्टी अशा आहेत की सगळ्या जिवांना लागू असलेला कायदा त्या माणसाशी करायला मनाई करतो. म्हणजे राज्याच्या कायद्यापेक्षा वरचा एक कायदा आहे हे सम्राटाला माहीत होतं, शिकवणारा त्याचा सल्लागार होता, शहरातला दगड उचललेला माणूस तर ते पुस्तक न वाचताच ते जाणत होता. तरी काही उपयोग झाला नाही.

तर प्रश्न जुनाच आहे. राज्याने केलेला कायदा केवळ कायदा आहे म्हणून पाळायचा का, की त्याच्यावर निसर्गाचा, विवेकाचा असा एखादा कायदा आहे ज्याच्यावर तो घासून बघायचा? आपल्याकडे या विषयावर बोलणारे लोक साधारण दोन गटांत वाटले जातात, एक म्हणतो कायदा म्हणजे कायदा, दुसरा म्हणतो न्याय मोठा, कायदा गेला खड्ड्यात. मला या दोन्हीत काहीतरी महत्त्वाचं सुटल्यासारखं वाटतं. निसर्गाचा कायदा वर आहे हे मला पूर्ण मान्य आहे. पण तो कोण कुणाविरुद्ध काढतंय हे बघितल्याशिवाय मान्य नाही. सत्तेखाली चिरडला जाणारा माणूस सत्तेकडे बोट दाखवून म्हणतो की हा तुझा कायदा अन्यायी आहे, तेव्हा तो न्याय मागत असतो. तेच वाक्य सत्तेत बसलेल्याच्या तोंडी आलं की बहुतेक वेळा लिहिलेल्या कायद्याने त्याचे हात बांधलेत ते त्याला सोडवून घ्यायचे असतात. आणि हे मी हवेत बोलत नाही, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण खुद्द तोच माणूस आहे ज्याने हा विचार लॅटिनमध्ये सगळ्यात सुंदर मांडला, रोमचा वक्ता आणि राजकारणी सिसेरो.

आधी त्याचा विचार. इ.स.पू. ५० च्या दशकात त्याने राज्यसंस्थेवर एक आणि कायद्यांवर एक अशी दोन पुस्तकं संवादाच्या रूपात लिहायला घेतली. पहिल्याचा मोठा भाग हरवलाच होता, १८१९ मध्ये अँजेलो माई यांना व्हॅटिकनच्या ग्रंथालयात एका चर्मपत्रावर संत ऑगस्टिनच्या लिखाणाखाली पुसलेला मजकूर सापडला, तो याच पुस्तकाचा. खरा कायदा म्हणजे निसर्गाशी जुळणारा योग्य विवेक, तो सगळ्यांना लागू, कायम टिकणारा, रोममध्ये एक आणि अथेन्समध्ये दुसरा असा तो नसतो, आज एक आणि उद्या वेगळा असाही नसतो, सिनेट किंवा जनता कुणालाच त्यातून सूट देता येत नाही, असं त्या पुस्तकात येतं. हे सगळं मूळचं स्टोइक नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञांच्या पंथाचं, झेनो आणि क्रिसिपसपासून चालत आलेलं, पण ग्रीकांनी ते जगाच्या रचनेबद्दल बोलताना मांडलं होतं, सिसेरोने ते असेम्ब्लीत, म्हणजे नागरिकांच्या सभेत, मंजूर होणाऱ्या ठरावांना लावलं.

आणि लावलं ते धाडसाने लावलं. तो म्हणतो की लोकांनी मंजूर केलं ते सगळं न्याय्यच असतं असं मानणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, तसं असेल तर मग जुलमी राजाचे कायदेही न्याय्य म्हणा. अथेन्सच्या तीस जुलमी राज्यकर्त्यांचं उदाहरण देतो आणि लगेच घरचं देतो, इ.स.पू. ८२ चं, जेव्हा व्हॅलेरियस फ्लाकस याने कायदा करून सेनापती सुलाला हुकूमशहा बनवलं आणि त्याला वाटेल त्या नागरिकाला सुनावणीशिवाय मारायची मुभा दिली. हा कायदा रीतसर होता. सुलाने मारायच्या लोकांच्या याद्या लावल्या त्यांना या कायद्याने आधार मिळाला. सिसेरो विचारतो, याला कायदा म्हणायचं? दरोडेखोरांच्या टोळीने एकत्र बसून नियम केले तर त्यांनाही मग कायदा म्हणावं लागेल. आणि राजपुत्र सेक्स्टसने जिच्यावर बलात्कार केला त्या लुक्रेशियाबद्दल तर तो जे म्हणतो ते वाचून आजही अंगावर काटा येतो, की टार्क्विन राजाच्या काळात रोममध्ये बलात्काराविरुद्ध कुठलाही लिखित कायदा नव्हता असं धरलं तरी सेक्स्टस टार्क्विनियसने जे केलं तो गुन्हाच होता, कारण कायदा लिहिला गेल्या दिवसापासून कायदा होत नसतो.

याला विरोध करणारे नव्हते असं नाही, आणि विरोध फार तगडा होता. इ.स.पू. १५५ मध्ये अथेन्सने तीन तत्त्वज्ञांना दूत म्हणून रोमला पाठवलं, ऑरोपस नावाचं गाव लुटल्याबद्दल अथेन्सला ५०० टॅलेंटचा दंड झाला होता तो कमी करून घ्यायला. त्यातल्या कार्नियाडीसने रोमच्या तरुणांसमोर एक दिवस न्यायाच्या बाजूने भाषण केलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच न्यायाच्या विरुद्ध. म्हातारा सिनेटर केटो इतका धास्तावला की यांचं काम उरका आणि यांना परत पाठवा म्हणून मागे लागला. कार्नियाडीसचा मुद्दा सिसेरोने आपल्या पुस्तकात फिलस या पात्राच्या तोंडी घातलाय आणि तो प्रामाणिकपणे घातलाय, कमजोर करून नाही. निसर्गाचा एकच न्याय असता तर सगळीकडे कायदे सारखे असते, ते तसे कुठे आहेत? व्होकोनियन कायद्याने श्रीमंत घरातल्या मुलीला वारस करायला बंदी घातली, बाईकडे पैसा का नसावा याचं निसर्गात काही उत्तर आहे का? आल्प्सपलीकडच्या लोकांना आपण ऑलिव्ह आणि द्राक्षं लावू देत नाही कारण आपल्या बागांना भाव मिळावा, याला शहाणपणा म्हणा, न्याय म्हणू नका. आणि शेवटचा घाव म्हणजे रोमन लोक खरंच न्यायी असतील तर त्यांनी जिंकलेलं सगळं ज्याचं त्याला परत करून पुन्हा झोपड्यांत जाऊन राहावं.

मला विचाराल तर या शेवटच्या वाक्याला सिसेरोकडे उत्तर नाही. जे उरलंय त्यावरून दिसतं की त्याच पुस्तकातलं, फिलसला उत्तर देणारं लेलियस हे पात्र साम्राज्याचं समर्थन करतं, काहींच्या बाबतीत ताबेदारी त्यांच्या भल्याचीच असते वगैरे. म्हणजे निसर्गाचा कायदा रोमच्या विरुद्ध जायला लागला की लगेच त्याची धार कमी होते. इथूनच माझ्या मनात शंका सुरू होते.

आता इ.स.पू. ६३ मध्ये येऊ. सिसेरो कॉन्सल होता, म्हणजे राज्यात त्याच्या वर कुणी नाही. सत्ता उलथवायचा कॅटिलाइनचा कट उघडा पडला, पाच जण पुराव्यानिशी पकडले गेले, त्यातला लेंटुलस तर पदावर असलेला प्रेटर होता, म्हणजे न्यायदान बघणारा मोठा अधिकारी. कट खरा होता, यावर मला शंका नाही. पण कायदाही स्पष्ट होता, इ.स.पू. १२३ मध्ये गायस ग्रॅकसने केलेला, की जनतेच्या आदेशाशिवाय रोमन नागरिकाच्या जिवाचा निवाडा करता येणार नाही. सिनेट म्हणजे कोर्ट नव्हे. सिसेरोने यातून वाट कशी काढली? कॅटिलाइनविरुद्धच्या चौथ्या भाषणात तो म्हणतो तो कायदा रोमन नागरिकांसाठी आहे, आणि जो राष्ट्राचा शत्रू तो नागरिक असूच शकत नाही. झालं, एका वाक्यात पाच माणसांचं नागरिकत्व गेलं, आणि ५ डिसेंबरला संध्याकाळी टुलियानम तुरुंगाच्या तळघरात पाचही जणांना गळा आवळून मारलं. खटला नाही, अपील नाही.

त्या दिवशी सिनेटमध्ये सीझर विरोधात बोलला होता. इतिहासकार सॅलस्टने ते भाषण दिलंय, शब्द सॅलस्टचे असतील पण मुद्दा असा आहे की तो प्रत्येक देशात शाळेत शिकवावा. सगळे वाईट पायंडे चांगल्या प्रकरणातून सुरू होतात. अथेन्सच्या तीस जणांनी पहिल्यांदा खटल्याशिवाय मारले ते खरोखरचे बदमाश होते, लोक खूश झाले, म्हणाले बरं झालं. मग हळूहळू चांगले-वाईट सगळेच मरायला लागले. सुलाने पहिल्यांदा डामासिपससारख्यांना मारलं तेव्हाही लोकांनी टाळ्याच वाजवल्या. आज कॉन्सल सिसेरो आहे म्हणून काळजी नाही, उद्या दुसरा कुणी हाच दाखला देऊन तलवार काढेल तेव्हा त्याला कोण थांबवणार? सीझरने स्वतः पुढे कायद्याचं काय केलं ते जगाला माहितीये, त्याच्याबद्दल मला काही भाबडेपणा नाही. पण त्या दिवशी तो बरोबर होता आणि सिसेरो चुकला.

आणि हा पायंडाही सिसेरोचा पहिला नव्हता. इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस या ट्रायब्यूनने, म्हणजे सामान्य जनतेने निवडलेल्या अधिकाऱ्याने, सरकारी जमीन गरिबांना वाटायचा कायदा रीतसर मंजूर करून घेतला, तर राज्य वाचवायचंय म्हणत सिपिओ नासिका सिनेटरांना घेऊन निघाला आणि टायबेरियसला दांडक्यांनी मारून टाकलं. ट्रायब्यूनच्या अंगाला हात लावणं हे कायद्याने आणि धर्मानेही पाप होतं. तरी राज्याचं हित सगळ्या कायद्यांच्या वर, हे म्हणायला कुणाची जीभ अडखळली नाही. सिसेरोच्या कायद्यांवरच्या पुस्तकात, दरोडेखोरांच्या नियमांच्या त्या गाजलेल्या उताऱ्याच्या जरा पुढेच, तो आपल्या भावाला विचारतो की टिशियसचे, अपुलियसचे कायदे कायदे नव्हतेच ना, भाऊ म्हणतो लिव्हियसचेसुद्धा नव्हते, आणि सिसेरो म्हणतो बरोबर, ते तर सिनेटने एका ओळीत रद्द केले. हे तिघेही ट्रायब्यून होते आणि त्या कायद्यांमध्ये जमीनवाटपाचा भाग मोठा होता. कर्तव्यांवरच्या पुस्तकात तर मालमत्ता जपण्यासाठीच माणसांनी शहरं वसवली असं तो ठामपणे मांडतो. मग ज्याच्याकडे मालमत्ताच नाही त्याच्यासाठी निसर्गाने काय सांगितलंय हा प्रश्न त्याला पडतच नाही.

सिसेरोचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. इ.स.पू. ५८ मध्ये त्याचा वैरी, ट्रायब्यून क्लोडियसने कायदा आणला की ज्याने रोमन नागरिकाला खटल्याशिवाय मारलं त्याला देशोधडीला लावा. सिसेरो पळाला, मग त्याचं नाव घेऊन दुसरा कायदा झाला, त्याचं पॅलाटिन टेकडीवरचं घर पाडलं, तिथं स्वातंत्र्यदेवतेचं देऊळ बांधलं. परत आल्यावर तो म्हणाला हा कायदाच नव्हता, एका माणसाला नाव घेऊन चिरडणं याला कायदा म्हणत नाहीत, बारा पाटांच्या कायद्यातच, म्हणजे रोमच्या जुन्या लिखित कायद्यातच, ते निषिद्ध आहे. आणि इथं तो बरोबर आहे! एका व्यक्तीला लक्ष्य करणारा कायदा हा कायद्याच्या कल्पनेलाच सोडून असतो. पण बघा, हे त्याला तेव्हा सुचलं जेव्हा तो खाली होता, निराधार होता, आणि सत्ता दुसऱ्याच्या हातात होती. मग इ.स.पू. ४३ मध्ये नोव्हेंबरच्या शेवटी ट्रायब्यून टिशियसने (हा वेगळा टिशियस) आणलेला कायदा असेम्ब्लीने मंजूर केला आणि अँटनी, ऑक्टेव्हियन, लेपिडस या तिघांना पाच वर्षांसाठी सगळी सत्ता मिळाली, त्यांनी मारायच्या लोकांची यादी काढली, त्यात सिसेरोचं नाव होतं, आणि ७ डिसेंबरला त्याचं डोकं कापलं. ६३ मध्ये ज्याने शत्रू हा नागरिकच नाही म्हणत कायदा ओलांडला तो वीस वर्षांनी रीतसर कायद्याने दिलेल्या सत्तेखाली मेला. त्याच्या मरणाला अन्याय म्हणायचं तर त्याच्याच पुस्तकातला युक्तिवाद लागतो आणि मी तो बिनदिक्कत वापरेन, कारण तिथं तो मरणाऱ्या माणसाच्या बाजूने उभा राहतो.

कुणी म्हणेल की असं माणूस बघून तत्त्व ठरवायचं म्हणजे दुटप्पीपणा झाला, एकच वाक्य खालच्याने म्हटलं तर खरं आणि वरच्याने म्हटलं तर खोटं कसं? वाक्य दोन्हीकडे खरंच असेल, मी त्याच्या परिणामाबद्दल बोलतोय. निसर्ग नेमकं काय सांगतो हे ठरवायला वर कुठलं कोर्ट बसलेलं नाही, कार्नियाडीसची ही शंका कायमची आहे, ती पुसता येत नाही. मग चूक होण्याची शक्यता धरूनच चालावं लागतं. ज्याच्याकडे तुरुंग आणि सैन्य आहे तो चुकला तर माणसं मरतात आणि त्याला थांबवणारी एकच गोष्ट असते, आधी लिहून ठेवलेला नियम. तोच नियम तो निसर्गाच्या नावाने बाजूला करतो तेव्हा मधे काहीच उरत नाही. ज्याच्याकडे काहीच नाही तो चुकला तर फार तर एक अर्ज फेटाळला जातो. म्हणून राज्यकर्त्याने लिहिलेला कायदा काटेकोर पाळावा, आणि तो कायदा अन्यायी आहे हे म्हणायचा हक्क ज्याच्यावर तो चालतो त्याच्याकडे असावा. ही विषमता मी मुद्दाम मान्य करतो, सत्तेतच विषमता आहे म्हणून.

पण नुसतं म्हणून भागतं का? ६१ च्या गर्दीने म्हटलंच होतं. गुलामगिरीबद्दल रोमन कायदेपंडितांनी जे लिहिलंय ते वाचून माणूस चक्रावतो. फ्लोरेंटिनस लिहितो की गुलामी म्हणजे निसर्गाच्या विरुद्ध एका माणसाला दुसऱ्याच्या मालकीखाली टाकणं. अल्पियन लिहितो की निसर्गाच्या कायद्यानुसार सगळे जन्मतः स्वतंत्र होते, नागरी कायद्यात गुलामाला काही किंमत नसली तरी निसर्गाच्या कायद्यात सगळी माणसं सारखी. हे कुणा बंडखोराने लिहिलेलं नाही, साम्राज्याच्या सगळ्यात वरच्या अधिकाऱ्यांपैकी एकाने लिहिलंय, आणि सम्राट जस्टिनियनने इ.स. ५३३ मध्ये ते अधिकृत संग्रहात घातलं. त्याच संग्रहात पानंच्या पानं आहेत की विकलेला गुलाम आजारी निघाला तर काय, पळून जायची सवय विकणाऱ्याने लपवली तर काय. यांनी वाट अशी काढली की तीन थर केले, निसर्गाचा कायदा, सगळ्या लोकांमध्ये सापडणारा कायदा, आणि एकेका शहराचा नागरी कायदा, आणि गुलामगिरी मधल्या थरात बसवली, सगळीकडे चालते म्हणून चालू द्या. मला हे रोमन कायद्याचं सगळ्यात मोठं अपयश वाटतं. आणि याच अल्पियनने हेही लिहिलंय की सम्राटाला जे पसंत पडेल त्याला कायद्याचा जोर असतो, आणि सम्राट कायद्यांना बांधलेला नसतो. म्हणजे वर बसलेल्याला मोकळीक दिली आणि खाली असलेल्याला एक सुंदर वाक्य दिलं. त्या वाक्याचं गुलामाने काय करायचं? त्याला ते घेऊन जायला जागा हवी, ऐकणारा माणूस हवा, त्या माणसाच्या हातात आदेश द्यायची ताकद हवी.

अशी जागा जिथे जिथे तयार झाली तिथे निसर्गाचा कायदा खरोखर चालला, आणि याबद्दल रोमन लोकांना मी मनापासून मानतो. सिसेरोनेच एक गोष्ट सांगितलीये. कॅनियस नावाचा रोमन गृहस्थ सिराक्यूजला गेला, त्याला समुद्रकाठी एक बाग घ्यायची होती. पिथियस नावाच्या सावकाराने त्याला आपल्या बागेत जेवायला बोलावलं आणि आदल्या दिवशी गावातल्या सगळ्या कोळ्यांना सांगून ठेवलं की उद्या माझ्या बागेसमोर मासेमारी करा. जेवताना समोर होड्याच होड्या, प्रत्येक जण मासे आणून पिथियसच्या पायाशी टाकतोय. कॅनियसला वाटलं काय जागा आहे, मागेल त्या किमतीला घेतली, सामानसुमानासकट. दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन आला तर एक होडी नाही. शेजाऱ्याला विचारलं आज कोळ्यांची सुट्टी आहे का, तर शेजारी म्हणाला इथं कोणी मासे धरतच नाही, काल मलाच नवल वाटत होतं. कॅनियस चिडला, पण करणार काय? कागद पक्के होते, व्यवहार कायदेशीर होता. सिसेरो म्हणतो, माझा सहकारी आणि मित्र गायस अक्विलियस याने फसवणुकीविरुद्धचा दावा तेव्हा अजून आणला नव्हता. नंतर आणला. फसवू नये हे निसर्ग आधीपासून सांगतच होता, अक्विलियसने त्याचा असा मसुदा केला की फसलेला माणूस प्रेटरकडे जाऊन तो दाखल करू शकेल.

प्रेटर हे पद यासाठी फार मोलाचं होतं. दरवर्षी नवा प्रेटर आपण कुठले दावे ऐकून घेऊ ते जाहीर करायचा, आणि जुन्या कायद्यात जिथे सोय नव्हती तिथे नवी सोय त्यात घुसवता यायची. इ.स.पू. २४२ पासून परक्यांच्या खटल्यांसाठी वेगळा प्रेटर आला, परक्याला रोमचा नागरी कायदा लागू होत नव्हता म्हणून मग सगळ्या माणसांना पटेल असं काय ते शोधावं लागलं, शब्द पाळणं, नेकीने व्यवहार करणं. परका हा त्या व्यवस्थेत कमजोर माणूस होता आणि त्याच्यासाठी शोधलेले नियम पुढे रोमन माणसालाही उपयोगी पडले.

गुलामांच्या बाबतीत हे फार सावकाश आणि अर्धवट झालं. गुलाम बाईचं मूल हे तिच्यापासून मिळणारं उत्पन्न धरायचं का, झाडाचं फळ धरतात तसं, यावर जुन्या पंडितांमध्ये वाद होता, त्यात ब्रूटस नावाच्या कायदेपंडिताचं मत टिकलं की माणूस हा माणसाचं फळ होऊ शकत नाही. केवढा मोठा विचार! पण त्याचा परिणाम इतकाच की मूल, आईला तात्पुरतं वापरायला घेतलेल्या माणसाकडे न जाता मूळ मालकाकडे जायचं. सम्राट क्लॉडियसने ठरवलं की आजारी गुलामाला टायबरच्या बेटावर टाकून दिलं आणि तो वाचला तर तो मुक्त. पुढे सम्राट अँटोनायनस पायसने ठरवलं की स्वतःच्या गुलामाला विनाकारण मारणारा मालक दुसऱ्याचा गुलाम मारणाऱ्याइतकाच दोषी, आणि जो गुलाम छळाला कंटाळून देवळात किंवा सम्राटाच्या पुतळ्यापाशी आसरा घेईल त्याची चौकशी करा, छळ असह्य असेल तर मालकाला तो गुलाम विकायला लावा. कायदेपंडित गायसने हे नोंदवलंय आणि कारणही दिलंय की आपल्या हक्काचा गैरवापर आपण करू नये. विकायला लावा, सोडून द्या असं नाही, हे मी विसरत नाही. पुढे अशा तक्रारी ऐकायचं काम शहराच्या प्रीफेक्टकडे होतं असं अल्पियन लिहितो, भुकेची तक्रार, मारहाणीची तक्रार, अब्रूवर घाला घातल्याची तक्रार. म्हणजे ज्या पदावरच्या माणसाच्या खुनासाठी ४०० जणांना मारलं, काही पिढ्यांनंतर त्याच पदावरच्या माणसाला गुलामाचं ऐकून घेणं भाग पडलं. गुलामगिरी गेली नाही, पण हे शून्य नाही.

हा सगळा वाद आपल्यापर्यंत पोचलाय आणि फार जवळ पोचलाय. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्या लोकांनी हायकोर्टांत धाव घेतली, मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठासह अनेक हायकोर्टांनी त्यांचं ऐकून घ्यायचं ठरवलं, आणि सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. जबलपूर खटला म्हणून तो ओळखला जातो. सरकारचं म्हणणं होतं की जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमातून येतो, त्या कलमासाठी कोर्टात जायची वाट राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद आहे, म्हणजे विषय संपला. न्यायमूर्ती खन्नांनी विचारलं की पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याला मारून टाकलं तर? अॅटर्नी जनरल निरेन डे यांचं उत्तर होतं, आणीबाणी चालू असेपर्यंत त्यावर इलाज नाही. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूने लागला, त्या चारांमध्ये पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते, पुढे जे सरन्यायाधीश झाले. निसर्गदत्त हक्काचा युक्तिवाद बहुमताने मानला नाही. एकटे खन्ना म्हणाले की २१ वं कलम नसतं तरी कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घ्यायचा अधिकार राज्याला नाही. लुक्रेशियाबद्दल सिसेरो जे म्हणाला त्याच्याशी याचं सरळ नातं आहे, लिहिलेलं असो नसो, गुन्हा तो गुन्हाच. पण खन्नांनी सिसेरोच्या कॉन्सलपदाची चूक केली नाही, त्यांनी राज्याला कायद्यातून सोडवलं नाही, उलट जास्त घट्ट बांधलं. त्याची किंमतही दिली, जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

२०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांनी जबलपूरचा तो निकाल रद्दबातल ठरवला, तसं लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते, आणि त्यात म्हटलं गेलं की जगण्याचा हक्क घटनेने दान दिलेला नाही, तो माणसाकडे आधीपासून आहे. तोपर्यंत ४१ वर्षं गेली होती, आणीबाणीत आत बसलेल्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. पण त्या नऊ जणांना या मुद्द्यावर फारसं नवीन काही शोधावं लागलं नाही, खन्नांनी ते १९७६ लाच निकालपत्रात लिहून ठेवलं होतं.